वीट मऊ, सिमेंट कडक आणि मध्ये बर्फ: कॅनडातल्या जुन्या घरांच्या भिंती दुरुस्तीनंतरच जास्त का फुटतात?

मार्च संपत आला की टोरोंटोच्या जुन्या वस्त्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. अंगणातला बर्फ वितळतो आणि भिंतीच्या पायथ्याशी लालसर कपच्यांचा सडा दिसू लागतो. वर पाहिलं तर काही विटांचा दर्शनी भाग सोलल्यासारखा निघालेला असतो. घरासमोरच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवरचा गुळगुळीत थर पापुद्र्यासारखा सुटलेला असतो आणि खालची खडी उघडी पडलेली असते.

घरमालक गवंड्याला बोलावतो. गवंडी जुना भुसभुशीत माल खरवडतो, विटांच्या फटींमध्ये मस्त कडक सिमेंट भरतो आणि निघून जातो. भिंत नवी दिसते. पण तीन-चार हिवाळे गेले की तिथल्याच विटा आधीपेक्षा जास्त वेगाने फुटायला लागतात.

यात सिमेंट भेसळीचं नसतं आणि गवंड्याने कामात चोरीही केलेली नसते. उलट त्याने वापरलेलं सिमेंट गरजेपेक्षा जास्त मजबूत असतं आणि गडबड तिथेच होते.

हे नेमकं कसं घडतं आणि योग्य दुरुस्ती कशी असते, ते समजून घेऊया.

थंडी नाही, पाणी फोडतं

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणी मात्र गोठताना फुगतं. त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते ती यामुळेच.

वीट आणि काँक्रीट हाताला कितीही टणक लागले तरी आतून ते स्पंजसारखे असतात. त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी या छिद्रांत शिरतं. रात्री तापमान शून्याखाली गेलं की ते गोठतं आणि छिद्राच्या भिंतींवर आतून दाब टाकतं. दुपारी ऊन पडलं की वितळतं, थोडं आणखी आत सरकतं आणि रात्री पुन्हा गोठतं.

छिद्रं अर्धीच भरलेली असतील तर बर्फाला फुगायला जागा मिळते आणि काही बिघडत नाही. ती जवळपास ९० टक्क्यांहून जास्त भरली की मात्र जागा उरत नाही. त्यामुळे कोरडी वीट उणे ३० अंशांतही शांत बसते आणि चिंब भिजलेली वीट उणे ५ अंशांतही फुटू शकते.

म्हणूनच सर्वांत थंड शहरातच सर्वांत जास्त नुकसान होतं असंही नाही. जिथे हिवाळाभर तापमान शून्याच्या बरंच खाली राहतं, तिथे भिंत एकदा गोठली की बराच काळ गोठलेलीच असते. टोरोंटोसारख्या शहरात तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं. तिथे गोठणं आणि वितळणं हा खेळ एका हिवाळ्यात कितीतरी वेळा होतो. भिंतीला त्रास होतो तो या ये-जा करण्याचा.

घराचे कोणते भाग आधी खराब होतात, हेही यावरून कळतं. चिमणी छपराच्या वर चारही बाजूंनी भिजते. खिडकीखालच्या उंबऱ्यावर पाणी साचतं. भिंतीचा जमिनीलगतचा भाग बर्फाच्या ढिगात बुडालेला असतो. तुटक्या पन्हळीखालची भिंत तर सतत ओली असते.

जुन्या भिंतीत चुना काय करत होता?

टोरोंटोला विटांचं शहर म्हणावं इतकी तिथे जुनी विटांची घरं आहेत. १८८९ मध्ये डॉन नदीच्या खोऱ्यात सुरू झालेला डॉन व्हॅली ब्रिक वर्क्स हा कारखाना जवळपास शंभर वर्षं चालला. १९०४ च्या मोठ्या आगीत शहराच्या मध्यभागातल्या शंभराहून जास्त इमारती जळाल्या आणि त्यानंतर विटांची मागणी आणखी वाढली. आज त्या कारखान्याच्या जागेवर पर्यावरण केंद्र आहे.

त्या काळातल्या घरांच्या भिंती अनेकदा विटांच्या दोन थरांच्या असत. विटा सांधायला चुना आणि वाळूचा माल वापरला जाई. हा माल मऊ असतो. जुन्या घरात तो किल्लीने खरवडला तरी निघतो. आजच्या माणसाला तो कच्चा वाटतो.

पण हा मऊपणा कामाचा होता. विटांमधल्या फटींना गवंडी दरजा म्हणतात. चुन्याने भरलेल्या दरजा भिंतीसाठी तीन कामं करत होत्या.

एक, भिंत ऊन आणि थंडीत किंचित फुगते-आकसते. मऊ माल ती हालचाल सोसतो, त्यामुळे विटेवर ताण येत नाही.

दोन, चुन्यातून ओलावा सहज बाहेर पडतो. भिंत भिजली तरी दरजांमधून वाळते.

तीन, गोठण्याचा आणि क्षारांचा मार आधी दरज खाते, वीट वाचते. पन्नास-साठ वर्षांनी दरजा झिजल्या की माल खरवडायचा आणि नवा भरायचा. वीट तशीच राहते. थोडक्यात, चुना हा भिंतीचा बळी देण्याचा भाग होता आणि तो तसाच राहायला हवा होता.

सिमेंट भरलं की काय बदलतं?

विसाव्या शतकात पोर्टलँड सिमेंट स्वस्त झालं, सगळीकडे मिळू लागलं. ते लवकर घट्ट होतं आणि चुन्यापेक्षा कितीतरी कडक होतं. जुन्या भिंतींच्या दरजाही त्यानेच भरल्या जाऊ लागल्या.

आता भिंतीतल्या पाण्याचा विचार करा. विटेत पाणी शिरलं. आधी ते दरजांमधून बाहेर पडायचं. आता तिथे सिमेंटचा घट्ट बांध आहे. मग ते बाहेर पडायला विटेचाच दर्शनी भाग शोधतं. पाणी त्या पृष्ठभागामागे जमतं, रात्री गोठतं आणि विटेचा समोरचा थर ढकलून बाहेर पाडतं.

एकदा हा थर गेला की प्रकरण आणखी बिघडतं. भट्टीत भाजताना विटेचा बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा टणक होतो. तो गेला की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि जास्त पाणी पितो.

ही चूक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. विटा आत खचलेल्या आणि सिमेंटच्या दरजा मधमाशांच्या पोळ्याच्या चौकटीसारख्या पुढे आलेल्या दिसल्या, तर समजायचं की भिंतीत कडक माल भरला आहे. जे झिजायला हवं होतं ते टिकलं आणि जे टिकायला हवं होतं ते झिजलं.

वाळूचा मारा करून भिंत साफ केली तरी असंच होतं. काजळी निघते, भिंत फोटोत छान दिसते, पण विटेचा टणक थरही निघून जातो. चकचकीत रंग किंवा फिल्म धरणारा वॉटरप्रूफ थर दिला तर ओलावा आत कोंडला जातो.

मग दरजा कशा भरायच्या?

अमेरिकेतलं नॅशनल पार्क सर्व्हिस जुन्या इमारतींच्या जतनासाठी मार्गदर्शक पुस्तिका काढतं. दरजांबद्दलच्या पुस्तिकेतलं सूत्र सोपं आहे: नवा माल विटेपेक्षा मऊ असावा आणि त्यातून ओलावा विटेपेक्षा सहज बाहेर पडावा.

उत्तर अमेरिकेत मालाचे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात: एम, एस, एन, ओ आणि के. इंग्रजीतल्या 'मेसन वर्क' म्हणजे गवंडीकाम या शब्दांतलं एकाआड एक अक्षर घेऊन हा क्रम केला आहे. एम सर्वांत कडक, के सर्वांत मऊ. प्रयोगशाळेतल्या चाचणीत एम प्रकाराची ताकद किमान १७ मेगापास्कलच्या आसपास असावी लागते. एन प्रकाराला साधारण ५ पुरतात, तर ओ प्रकाराला अडीचच्या आसपास.

आजच्या टणक विटांना एन प्रकार चालतो. शंभर वर्षं जुन्या मऊ विटांना बहुतेक वेळा ओ, के किंवा निव्वळ चुन्याचा माल लागतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज हाताला येणारी पिशवी मात्र अनेकदा एस किंवा एन प्रकाराची असते. तीच उचलून जुन्या भिंतीत भरली की वर सांगितलेला प्रकार सुरू होतो.

काम कसं केलं जातं, यानेही फरक पडतो.

• जुना माल किती खोल काढायचा? दरजेच्या रुंदीच्या किमान दोन ते अडीच पट. वरवर खरवडून पातळ थर लिंपला तर तो एक-दोन हिवाळ्यांत गळून पडतो.

• कशाने काढायचा? ग्राइंडर झपाट्याने चालतो, पण अरुंद उभ्या दरजांमध्ये तो विटांच्या कडा कापतो आणि ते नुकसान भरून येत नाही. अशा जागी छिन्नी-हातोडीचं काम सुरक्षित. खरवडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र लागतंच.

• कधी करायचं? तापमान ४ अंशांखाली जाणार असेल तर आच्छादन आणि उबेशिवाय काम करू नये. चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे थंडी पडायच्या आधी त्याला काही आठवडे मिळायला हवेत. म्हणजे टोरोंटोत खरा हंगाम उन्हाळ्याचा.

• फुटलेल्या विटेचं काय? त्यावर सिमेंट थापून विटेचा रंग देणं हा इलाज नाही. ती वीट काढून तिथे तशाच गुणधर्माची वीट बसवावी लागते. जुन्या घरातून काढलेली वीट आणताना ती बाहेरच्या भिंतीचीच होती ना, हे पाहावं. आतल्या भिंतीत त्या काळी कमी भाजलेल्या विटा वापरत. त्या बाहेर लावल्या तर एका हिवाळ्यात भुगा होऊ शकतात.

अलीकडच्या घरांत बाहेरची वीट ही फक्त दर्शनी भिंत असते आणि तिच्यामागे पोकळी असते. अशा भिंतीच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटी भोकं ठेवलेली असतात. ती राहून गेलेली नसतात, मुद्दाम ठेवलेली असतात, कारण पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बुजवू नयेत.

काँक्रीटमध्ये हवा का भरतात?

पायऱ्या, गाडी लावायची जागा आणि फुटपाथ यांचं काँक्रीट आधुनिक असतं. तिथे चुन्याचा प्रश्न येत नाही. पण कडकपणावर सगळं सोडून चालत नाही, हा धडा तिथेही लागू होतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या थंड भागांत असं लक्षात आलं की काँक्रीटच्या रस्त्यांचे काही तुकडे हिवाळ्यात फारच कमी खराब होत आहेत. शोध घेतल्यावर कळलं की त्यांचं सिमेंट दळताना जनावराची चरबी वापरली होती. दळण सोपं व्हावं एवढाच तिचा हेतू होता. पण चरबीमुळे काँक्रीटमध्ये साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे तयार झाले होते.

पाणी गोठून फुगायला लागलं की ते या बुडबुड्यांच्या मोकळ्या जागेत सरकतं. आत दाब साचत नाही. आज हे काम खास रसायनांनी केलं जातं. बुडबुडे इतके दाट असावे लागतात की काँक्रीटमधल्या सिमेंटच्या कुठल्याही बिंदूपासून साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत एखादा बुडबुडा सापडावा.

ओंटारियोच्या बांधकाम नियमांत घराबाहेरच्या पायऱ्या आणि गॅरेजच्या जमिनीच्या काँक्रीटमध्ये ५ ते ८ टक्के हवा सांगितली आहे. त्यासोबत किमान ३२ मेगापास्कल ताकद, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नको.

गंमत म्हणजे हवा वाढली की काँक्रीटची ताकद थोडी कमी होते. तरीही थंडीत तेच जास्त टिकतं.

बिघाड बऱ्याचदा शेवटच्या तासात होतो. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून कुणीतरी ट्रकमध्ये जास्तीचं पाणी ओततं. वर पाणी शिंपडून थापीने घोटून गुळगुळीत केलं जातं. त्यामुळे सर्वांत वरचा थर, म्हणजे ज्याला सगळा मार खायचा आहे तोच, कमजोर होतो. त्याऐवजी झाडूने हलकी खरबरीत रेघ काढणं चांगलं. त्यावर पायही घसरत नाही.

मिठाचा दुहेरी मार

बर्फ वितळवायला कॅनडात घरोघरी मीठ टाकतात. मीठ टाकलं की पाणी शून्याखालीही द्रव राहतं. म्हणजे पृष्ठभाग जास्त वेळ ओला राहतो आणि जास्त पाणी पितो. पुढे तापमान आणखी उतरलं की ते खारं पाणी गोठतं आणि वरचा थर सोलून काढतं. गमतीची गोष्ट अशी की खूप खाऱ्या पाण्यापेक्षा साधारण ३ टक्के मिठाचं पाणी जास्त नुकसान करतं. आत लोखंडी सळई असेल तर मिठातल्या क्लोराइडने तिला गंज चढतो, तो वेगळाच.

म्हणून नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नये असा सल्ला दिला जातो. पाय घसरू नये म्हणून वाळू टाकता येते. काँक्रीटवर थर द्यायचाच असेल तर सिलेन किंवा सिलॉक्सेन प्रकारचा द्यावा. तो पाणी आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो.

पायऱ्या वाकड्या का होतात?

कधी काँक्रीट शाबूत असतं, पण अख्खी पायरी घरापासून सुटून कललेली दिसते. इथे दोष खालच्या मातीचा असतो. ओली माती गोठते, तिच्यात बर्फाचे थर तयार होतात आणि ती वर उचलली जाते. टोरोंटोत त्यामुळे पाया साधारण १.२ मीटर खोल घेतात. त्याच्यावर थांबलेल्या पायऱ्या दर हिवाळ्यात हलतात. फटीत सिमेंट भरून उपयोग नसतो, कारण पुढच्या थंडीत ती पुन्हा उघडते. खाली खडीचा थर आणि पाण्याला वाट हवी, नाहीतर पायरी नव्याने बांधावी लागते.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही

१९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या एका रस्त्यावर इमारतीच्या दर्शनी भागाचा सुटलेला तुकडा पडून एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर १९८० मध्ये शहराने कायदा केला. आज सहा मजल्यांहून उंच इमारतींची बाहेरची बाजू दर पाच वर्षांनी तपासावी लागते.

लहान घरांना असा कायदा बहुतेक ठिकाणी नसतो. त्यांची तपासणी घरमालकानेच करायची असते. कललेली चिमणी किंवा दारावरची सुटलेली वीट दिसली तर खाली कुणी उभं राहू नये आणि काम पुढच्या हंगामावर ढकलू नये.

गवंड्याला काय विचाराल?

टोरोंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या भागात आज बरीच मराठी कुटुंबं राहतात, कुणी स्वतःच्या घरात तर कुणी भाड्याच्या बेसमेंटमध्ये. वसंत ऋतूत दार वाजवून "तुमची चिमणी पडायला आलीय, आज सांगितलं तर स्वस्तात करून देतो" म्हणणारे लोक त्यांनाही भेटतात. घाई करायची गरज नाही. ओंटारियोत घरी बसून सही केलेला असा करार सहसा १० दिवसांच्या आत कारण न सांगता रद्द करता येतो.

काम देण्याआधी पाच प्रश्न विचारा:

१. माझ्या विटांसाठी कोणत्या प्रकारचा माल वापरणार आणि तोच का?
२. जुना माल किती खोल काढणार, आणि कशाने?
३. काँक्रीटमध्ये हवेचं प्रमाण किती असेल? पुरवठादाराची पावती दाखवणार का?
४. काम झाल्यावर किती दिवस झाकून, ओलं ठेवणार?
५. पाणी कुठून येतंय, ते शोधलं का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पन्हळ गळत असेल, छपराचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत असेल किंवा अंगणाचा उतार घराकडे असेल, तर उत्तमातला उत्तम मालही टिकणार नाही. पन्हळ साफ करणं आणि तिचा पाइप घरापासून दोन-एक मीटर दूर नेणं ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. आधी ती करावी. भिंतीवर पांढरा लोणा दिसला तर तो पुसून विसरू नये, कारण पाणी भिंतीतून ये-जा करतंय याची ती खूण असते.

आपल्या वाड्यांचं काय?

महाराष्ट्रात पाणी गोठून भिंत फुटत नाही. पण पुणे, सातारा, वाईकडचे जुने वाडेही चुन्यातच बांधलेले आहेत. त्यांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला की पावसाळ्यात आत शिरलेली ओल कोंडते. मग क्षार विटेच्या आत साचतात, लोणा धरतो आणि काही वर्षांत गिलावा विटेचा थर सोबत घेऊन सुटतो. कॅनडात बर्फ जे एका हिवाळ्यात करतो, ते इथे क्षार हळूहळू करतात.

दोन्हीकडे घरमालकाला वाटत असतं की आपण जुनं कमजोर काढून नवं मजबूत बसवलं. भिंतीला मात्र हवा असतो आपल्यासारखाच, श्वास घेणारा माल. म्हणून यंदा बर्फ वितळल्यावर भिंतीखाली कपच्या दिसल्या, तर सिमेंटची पिशवी आणण्याआधी एकदा वर पन्हळीकडे बघा आणि मग किल्लीने जुनी दरज खरवडून बघा. सहज खरवडली गेली, तर तिच्या जागी कडक सिमेंट भरू देऊ नका.